तुझी माती, माझं सिमेंट

शैला,

तुला जाऊन महिना होत आला आणि मी अजून तुझ्याशी सिमेंटवरून भांडतोय. आंघोळ करताना, वाशीच्या मार्केटात भाजी घेताना, ऑफिसच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून. एखादा मुद्दा सुचतो आणि वाटतं, आता हिला गप्प करतो. मग लक्षात येतं की तू गप्पच आहेस, आणि त्यात माझ्या मुद्द्याचं काही कर्तृत्व नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या होत्या, बीडहून तुझे मामा आले होते, आपले साहेब तर सफारी घालून आले होते. ते तुझ्या विज्ञाननिष्ठेवर बोलले, समाजातल्या मुलींनी तुझा आदर्श घ्यावा असं बोलले. चांगलं बोलले. पण एवढ्या भाषणांत माती हा शब्द कुणी उच्चारला नाही. तू शेजारी असतीस तर मला कोपर मारून म्हणाली असतीस, ‘चहा कधी देतात ते बघ.’ मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. तेव्हा जे जमलं नाही ते आता लिहून बघतोय.

तळोज्याची ती शेड आठवते? आठवते काय विचारतोय, तुझीच होती ती. नावड्याच्या अलीकडे, एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बर्फाचा. आपल्या विभागाने ती भाड्याने घेतलेली, कारण मुख्य इमारतीत मातीचा धुरळा कुणाला नको होता. माझी बदली तिथे झाली तोवर मी फक्त पाण्याच्या टाक्या आणि पुलाचे खांब केले होते. साहेबांनी मला एवढंच सांगितलं होतं की अणुभट्टीचा सगळ्यात जहाल कचरा काचेत वितळवतात, काच पोलादाच्या डब्यांत भरतात, आणि ते डबे पुढेमागे कधीतरी जमिनीखाली खूप खोल, खडकातल्या बोगद्यांत ठेवायचे आहेत. ते हजारो वर्षं तिथून हलता कामा नयेत. डबे ठेवून झाले की बोगदे बुजवत मागे यायचं. ‘कसे बुजवायचे ते मॅडम बघतायत,’ साहेब म्हणाले, ‘तुम्ही काँक्रीटचं बघा.’

मी शेडमध्ये आलो तेव्हा तू हातमोजे न घालता मातीत कोपरापर्यंत होतीस. टेबलावर दोन ढीग होते, एक काळा, एक पिवळसर. तू नावबिव न विचारता म्हणालीस, ‘ही माझ्या गावची. ही कच्छची. दोघी सख्ख्या बहिणी आहेत. पाणी प्यायल्या की फुगतात.’

मग तू तुमच्या घराची गोष्ट सांगितलीस. गावाच्या कडेला, काळ्या मातीवर तुमची वस्ती. उन्हाळ्यात भेगा इतक्या रुंद पडायच्या की तुझा लहान भाऊ त्यांत हात घालून बसायचा, आणि पावसात तीच माती फुगून दाराच्या चौकटी आवळायची, दारं उघडायची नाहीत. दरवर्षी भिंत तडकायची, दरवर्षी तुझी आई ती लिंपायची. ‘घर बांधायला ही माती वाईट म्हणून ती जागा आमच्या वाट्याला आली,’ तू म्हणालीस, ‘आणि बोगदा बुजवायला हिच्या बहिणीसारखी दुसरी माती नाही. चीर दिसली की स्वतः फुगून भरते. हसायला येतं की नाही?’

मला हसायला आलं नव्हतं. तुलाही आलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला कुणी विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तर मी ती दारं न उघडणारी घरं सांगायचो. पटकन कळायचं लोकांना.

आपल्याला प्रयोगासाठी मिळाली ती दक्षिणेतली जुनी खाण. पुष्कळसं सोनं काढून झालेली, तोट्यात चालणारी, पण खोल. तिच्या एका बाजूच्या बोगद्यात आपण कचऱ्याच्या जागी फक्त पाणी भरायचं, पुढे तुझ्या मातीच्या विटांचा जाड थर रचायचा, त्याला आधार म्हणून माझी काँक्रीटची भिंत घालायची, आणि मागून पाण्याला जोर देऊन बघायचं, बूच टिकतं का. किरणोत्सर्गी म्हणावं असं तिथे चिमूटभरही काही नव्हतं. पाणी, माती, सिमेंट. एवढंच.

आणि मग तो नियम. खाणीच्या कायद्यात बाईने जमिनीखाली काम करायचं नाही असं लिहिलेलं. मला वाटलं होतं, शास्त्रज्ञाला सूट असेल. नव्हती. खाणीच्या मॅनेजरने फार अदबीने सांगितलं, ‘मॅडम, आप ऊपर ऑफिस में बैठिए, सब इंतजाम है.’ तू अर्ज केलेस. वरपर्यंत गेलीस. प्रत्येक ठिकाणी खुर्ची दिली, पाणी दिलं, नकार दिला. तळोज्याला परत आलो तेव्हा मी चिडलो होतो, तू नाही. तू विटा दाबायच्या यंत्रापाशी उभी राहून म्हणालीस, ‘माझ्या आजीला विहिरीला हात लावायची बंदी होती. मला खाणीत उतरायची. पाण्याचं आणि आमच्या घराण्याचं असंच आहे. चल, कामाला लाग.’

मग तू मोठा पोलादी पाइप आणवलास, माणूस वाकून आत जाईल एवढा, आणि शेडमध्ये आडवा टाकून त्यालाच बोगदा म्हणायला लागलीस. त्यात तू शिरायचीस, विटा लावून बघायचीस, आतून ओरडून मला सांगायचीस. त्या पाइपमध्ये तुला बसलेलं बघून मला कधी बरं वाटलं नाही. हे मी तुला बोललो नाही, कारण तू म्हणाली असतीस, ‘वाईट वाटून घ्यायचे पैसे वेगळे मिळत नाहीत.’

खाणीवरचे ते महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले होते, शैला. हे मी आत्ता, इतकं सगळं वाया गेल्यावरही म्हणतोय. मी लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जायचो, तू वर साइट ऑफिसच्या खिडकीत. मी पाळी संपवून वर आलो की थर्मासमधला चहा ओतायचीस आणि सुरू व्हायचीस.

‘भिंत कशी आहे?’

‘ठीक आहे.’

‘ठीक आहे हे उत्तर नाही, विजय. ओली आहे की घाम आल्यासारखी आहे? हात लावल्यावर भुगा लागतो का? सुरुंग लावले तिथे चिरा कुठल्या बाजूला जातात?’

मला सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी नीट बघून यायचो. तिसऱ्या दिवशी मी तू काय विचारशील ते आधीच बघायला लागलो. चाळीशीला आलेल्या माणसाला तू बघायला शिकवलंस. खडक कसा घामेजतो, उष्ण हवेत पोलादाला कसला वास येतो, दोन विटा एकमेकींवर बसताना नीट बसल्या तर कसा आवाज होतो आणि नीट नाही बसल्या तर कसा. मला तोवर काँक्रीट ओतणं म्हणजे काम वाटायचं. बघणं हे काम आहे, हे तुझ्याकडून आलं.

मग विटा फुटायला लागल्या. तळोज्याहून ट्रकने नीट आलेल्या विटा खालच्या दमट हवेत तास-दोन तासांत पापुद्रे सोडायला लागल्या. फोरमन म्हणाला, लावून टाकू, आत गेल्यावर फुगणारच आहेत. मी वर आलो, तुला एक पापुद्रा दाखवला. तू तो बोटांत चुरडलास, जिभेला लावलास, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलीस.

‘मला एकदा खाली जाऊ द्या. अर्धा तास.’

‘मॅडम, रूल है.’

‘रूल मला माहीत आहे. माती तुम्हाला माहीत नाही.’

  बाहेर येऊन तू कागद घेऊन बसलीस. प्रत्येक वीट प्लास्टिकमध्ये बांधून खाली न्यायची, लावायच्या जागी पोचेपर्यंत उघडायची नाही, घामाचे हात लागू द्यायचे नाहीत, एका वेळी दोघांनीच आत काम करायचं, बाकीच्यांनी मागे. फोरमन कुरकुरला, पण तसं केलं. विटा टिकल्या. न बघितलेल्या जागेतली हवा तू एका पापुद्र्यावरून ओळखलीस. मी तेव्हा तुला नुसतं ‘जमलं’ म्हणालो होतो. तेवढंच.

आणि ते थेंब. भिंत पक्की झाल्यावर मागून पाण्याला जोर दिला आणि पाणी यायला लागलं. माझ्या भिंतीच्या वरच्या कडेने, खडकाला जिथे ती टेकली होती तिथून, चांगली धार लागली. मी खालच्या फोनवरून तुला कळवलं. मला वाटलं, संपलं. तू विचारलंस, ‘गढूळ आहे की स्वच्छ?’ स्वच्छ आहे म्हटल्यावर म्हणालीस, ‘मग थांब. ती अजून पाणी पितेय.’

आपण थांबलो. धारेचे थेंब झाले. तू म्हणालीस, ‘फोन त्या डब्याजवळ धर.’ मी वायर ताणून रिसीव्हर थेंब पडत होते त्या पत्र्याच्या डब्याशी नेला. टप. टप. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर आतून तुझा बारीक आवाज आला, ‘बोलू नकोस. ऐकू दे.’ मी तसाच वाकून उभा राहिलो. फोरमन माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. दोन थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. मग इतकं वाढलं की पुढचा थेंब येतोय की नाही याची वाट बघताना माझी मान अवघडली. पुष्कळ वेळाने मी रिसीव्हर कानाला लावला. तू म्हणालीस, ‘लावलं तिने दार.’ आणि फोन ठेवलास.

वर आलो तेव्हा तुझे डोळे लाल होते. मी विचारलं नाही. चहा मात्र त्या दिवशी मी ओतला.

आता भांडण. ते तिथेच सुरू झालं, त्याच आठवड्यात, खाणीच्या गेस्टहाउसमध्ये इडली खाताना. मी खुशीत होतो, म्हणालो, आपलं बूच हजार वर्षं हलत नाही. तू म्हणालीस, ‘माझी माती राहील. तुझं सिमेंट राहणार नाही. आणि जाताना माझ्या मातीला घेऊन जाईल.’

मला राग आला. तू शांतपणे सांगितलंस की सिमेंटमधून पाझरणारं पाणी चुन्याच्या पाण्यासारखं जळजळीत असतं, आणि असल्या पाण्यात ही माती हळूहळू दुसरीच काहीतरी होते. फुगणं विसरते. मी म्हटलं, मग आधार कशाचा देऊ, पिठाचा? तू म्हणालीस, ‘ते तू शोध. काँक्रीटवाला तू आहेस.’ मी म्हटलं, हे सगळं कागदावर आहे, खडकात असं काही होत नाही. ‘होईल,’ तू म्हणालीस. ‘नाही होणार,’ मी म्हणालो. पुढची चार-पाच वर्षं हे भांडण आपण वाशीच्या हॉटेलात केलं, तळोज्याच्या रिक्षात केलं, माझ्या मुलीच्या बारशात केलं. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं मातीवरून असे भांडता जसे भाऊबंद बांधावरून. ठरलेलं असं होतं की काही वर्षांनी समोरून भिंत फोडायची, माती थराथराने कापायची आणि बघायचं, पाणी कुठवर शिरलंय, सिमेंटने काय केलंय. त्या दिवसाची तू वाट बघत होतीस. मीही.

तो दिवस आला नाही. आधी तुझं दुखणं आलं.

पोटातली गाठ. उशिरा कळली. तुझ्या कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात मी पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा ओटीवर कुणी नव्हतं. एरवी तिथे शेजारच्या दोघी-तिघी भाज्या निवडत बसलेल्या असायच्या. लोकांना कुठूनतरी कळलं होतं की तू अणूच्या कचऱ्याचं काम करतेस, आणि त्यांनी तुझं दुखणं त्याच्याशी जोडलं. समोरच्या बाईने मुलांना तुझ्या अंगणात जायची मनाई केली. तुझ्या घरून गेलेला खिरीचा डबा तसाच भरलेला परत आला. तू तो ओट्यावर ठेवलास आणि मला म्हणालीस, ‘माझ्या आयुष्यात मी त्या कचऱ्याचं तोंड बघितलेलं नाही. शेडमध्ये मातीशिवाय काही नव्हतं. सांग ना यांना.’ मी सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, समोरच्या बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. डबा शिवायचे नाहीत ते नाहीच शिवले. तू म्हणालीस, ‘राहू दे. सवय आहे.’ तेवढं एकच वाक्य तू कडवटपणे बोललीस.

बोनकोड्याची जनाबाई मासे घेऊन यायची ती मात्र येत राहिली. तिला कुणीतरी अडवलं तर म्हणाली, ‘मना काय व्हनार हाय? मी एवरी वर्सा खारीवरच्या कंपन्यांचा पानी पितंय.’ आणि पाटी उतरवून तुझ्या पायाशी बसली. तुझी आई गावाहून आली ती याच सुमारास. दोघींना एकमेकींची बोली अर्धीच कळायची, पण त्या तासन्‌तास बोलायच्या.

मग खाणीची बातमी आली. तोटा वाढला होता, खालचे पंप बंद करायचे ठरत होतं. पंप बंद म्हणजे पाणी चढणार. आपला बोगदा आधी बुडणाऱ्यांत. मी साहेबांकडे गेलो, म्हटलं, भिंत फोडून बघू तरी द्या, एवढ्या वर्षांचं काम आहे. ते म्हणाले, त्याला पैसा नाही, माणसं नाहीत, आणि खरं सांगायचं तर आता घाईही नाही, तो कचरा अजून कित्येक वर्षं जमिनीवरच ठेवणार आहेत. शेवटी एवढंच मिळालं की समोरून एक बारीक भोक पाडून नमुना काढायचा.

तो मी स्वतः काढला. माझ्या काँक्रीटमधून आरपार, मागच्या मातीत. मनगटाएवढा जाड मातीचा तुकडा, मेणात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मांडीवर ठेवून मी मुंबईपर्यंत आणला, आणि आधी शेडमध्ये नाही, तुझ्याकडे आणला.

तुझी आई तुला उशांना टेकवून बसवत होती. तू तो तुकडा हातात घेतलास आणि तुझा चेहराच बदलला. पहिल्यांदाच तू त्या बोगद्यात बसवलेल्या कशाला तरी हात लावत होतीस. वास घेतलास. एका टोकाकडून नख रोवत आलीस. माती मऊ, ओलसर, लोण्यासारखी. नख जात होतं, जात होतं, आणि भिंतीकडच्या टोकाशी आलं आणि थांबलं. तिथे एक पांढुरका थर होता. नखाएवढ्या जाडीचा. तू आईला दोन वाट्या पाणी आणायला सांगितलंस. एकीत आतली माती टाकलीस, एकीत तो पांढुरका थर.

आतली माती आपल्या डोळ्यांसमोर फुगली. दुसऱ्या वाटीतला तुकडा दगडासारखा पडून राहिला.

 तू जिंकली होतीस. तू इतकी वर्षं म्हणत होतीस ते त्या वाटीच्या तळाशी होतं. माझ्याकडे बघून तू हसशील असं मला वाटलं, निदान एकदा ‘बघ’ म्हणशील. तू वाटीकडेच बघत राहिलीस. मग म्हणालीस, ‘मेली रे ही इथे.’

मी म्हटलं, ‘नखाएवढा थर आहे, शैला. मागे माणसाच्या उंचीहून जाड माती आहे. एवढ्याने काय होतंय?’

‘चार वर्षांत नखाएवढा.’

‘आता थांबला असेल.’

‘कशावरून?’

‘अजून चार वर्षांनी परत काढून बघू.’

हे मी बोललो आणि मग तू माझ्याकडे बघितलंस. खाणीकडे चार वर्षं नव्हती. तुझ्याकडे नव्हती. तुझ्या आईने वाट्या उचलल्या आणि मोरीत नेऊन ओतल्या.

पुढच्या महिन्यात उपकरणं काढायला मी शेवटचा उतरलो. वायरी कापल्या, मापकं काढली. भिंतीला हात लावून बघितला. कोरडी होती. फोरमन म्हणाला, ‘सर, अच्छा बना था.’ वर आल्यावर साइट ऑफिसच्या खिडकीत दुसरंच कुणी बसलं होतं, ते सामानाच्या नोंदी करत होतं. भिंत कशी आहे असं त्याने विचारलं नाही. मी पाठ केलेलं सगळं तसंच घेऊन गाडीत बसलो.

शेवटी शेवटी तू एकच विचारायचीस. मी आलो की उशीवरून मान वळवून, ‘पाणी कुठवर आलं?’ मी खाणीत फोन लावून विचारून ठेवायचो. अजून खाली आहे, म्हणायचो. तू डोळे मिटायचीस. एकदा मी म्हटलं, आपलं सगळंच वाया गेलं गं. वाटलं होतं, तू नाही म्हणशील. तू म्हणालीस, ‘बंद काही होत नसतं, विजय. आपण फक्त उशीर करतो. मला वाटलं होतं, आपण जरा जास्त उशीर करू.’ त्यानंतर तू कामाचं बोलली नाहीस. आईशी गावचं बोलायचीस. कोण कुणाच्या घरात दिली, कुणाची म्हैस. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकायचो. मला ते ऐकायला आवडायचं, हेही तुला सांगितलं नाही.

तू गेलीस त्या दुपारी मी ऑफिसात होतो.

शेड सोडली आपण. तिथे आता खोके बनवणारा आलाय. तुझा पाइप भंगारात गेला. तो उचलायला क्रेन आली तेव्हा मी गेलो नाही. मला साहेबांनी नवीन काम दिलंय. कचरा जमिनीवर ठेवण्यासाठी काँक्रीटच्या भिंती. तू म्हणायचीस, जमिनीवर ठेवलात तर पहारेकरी लागेल, आणि त्या पहारेकऱ्याच्या जागी दुसरा, आणि त्याच्या जागी तिसरा, हे कधी संपणारच नाही. मी ते काम घेतलंय. करतोय. भिंती चांगल्या होतायत. पहारेकरी ठेवलाय. परवा मी सिमेंट तपासताना त्याला उगाच विचारलं, किती वर्षं आहे नोकरी? तो म्हणाला, कंत्राट आहे साहेब, दिवाळीपर्यंत.

काल तुझ्या आईला गावी जायचं होतं. मी त्यांना पनवेलच्या स्टँडवर घेऊन गेलो. बीडची गाडी यायची होती. बाकावर बसलो. त्या तुझी शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळीच खाणीतून फोन आला होता, पाणी आपल्या पातळीच्या वर गेलं. मला ते कुणालातरी सांगायचं होतं, आणि सांगावं असं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना सांगितलं.

त्यांनी शालीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, ‘मंग हिनं लावलेलं ते वाहून गेलं का?’

‘नाही, आई. ते तिथेच आहे.’

‘पाणी अडवून धरायलंय?’

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं. पण इतकी वर्षं तुला खालचं खरं सांगायची सवय लागलेली.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आधी एका बाजूला पाणी होतं, ते ढकलायचं आणि हिची माती अडवायची. आता दोन्ही बाजूंना पाणी आहे. सारखंच. ढकलणारं कुणी नाही. अडवायला काही उरलं नाही.’

‘आन् तरी उभंय?’

‘उभं आहे.’

‘अंधारात?’

‘हो.’

त्यांनी शालीची घडी मोडली, परत घातली.

‘कुनासाठी रं?’ त्यांनी विचारलं.

फलाटाला गाडी लागली. मी त्यांची पिशवी उचलली आणि पुढे झालो.